जित्या लेकीचा दहावा

ऊन डोक्यावर यायला लागलं तरी कावळा काही आला नाही.

एरवी वडिवळ्यात कावळ्यांचा कोण उच्छाद! दारात सांडगे घालायची सोय नाही, लेकराच्या हातात भाकरीचा तुकडा द्यायची सोय नाही. आणि आज नदीकाठी पिंड मांडून सगळी भावकी ताटकळत बसलीय, तर मेला एकसुद्धा फिरकत नाही. कारण काही देवाघरचं नव्हतं. चैत्र सरत आला होता, रानात राब भाजायची घाई चाललेली. जिथं भाताचं रोप टाकायचं तिथं शेण, पाला, फांद्या पसरून पेटवून द्यायच्या, ही मावळची जुनी रीत. चहूकडे धूर कोंदला होता आणि भाजल्या मातीतले किडे वेचायला कावळे तिकडे गेले होते. तिथं बसलेल्या प्रत्येकानं जन्मभर हे बघितलेलं. पण पिंडाला कावळा शिवत नाही म्हटल्यावर असलं काही कुणाला आठवत नाही.

सपाट खडकावर पळसाच्या पानात पिंड ठेवला होता. आंबेमोहोराचा भात, वर दही, काळे तीळ. पुरुषमाणसं वाळूत ओळीनं बसलेली, बायका बाभळीखाली. शालूबाई त्यांच्यातून जरा बाजूला होती. पिंड तिच्या धाकट्या लेकीचा, लीलाचा होता आणि लीला जिवंत होती.

चांगली धडधाकट जिवंत होती! शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. रखमाजी आणि शालूबाईची लेक ठाकरवाडीच्या कान्हूचा हात धरून पळून गेली, म्हणून भावकीनं तिला मेली असं ठरवून टाकलं. गवताची बाहुली केली, तिला लीलाचं लुगडं नेसवलं आणि रीतसर जाळली. कामशेतचे जोशीबुवा साफ नाही म्हणाले. "जित्या माणसाचा पिंड माझ्या हातून व्हायचा नाही," म्हणून घरातच बसले. मग सगळं दत्तोबानं अंगावर घेतलं. दत्तोबा भावकीत सगळ्यात थोरला, शालूबाईचा चुलत सासरा. त्याच्यासमोर तिनं इतक्या वर्षांत डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता.

आज दहावा. कावळा शिवला की लीला मेली, घर शुद्ध झालं, भावकी जेवायला बसणार. नाही शिवला तर कुणी पानाला हात लावणार नाही. नुसतं एवढंच असतं तर शालूबाईनं देवाला नवस बोलला असता की बाबा, नको पाठवू तो कावळा. पण बाभळीखाली तिची थोरली लेक सरू बसली होती, मांडीवर तान्हं घेऊन. सरू तिकोना पेठेला दिलेली. लीलाची बातमी तिकडे पोचली आणि सासऱ्यानं तिला लेकरासकट माहेरी आणून सोडलं. सासरा हौशीराम माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा कधी चढवायचा नाही. "आमच्या घरात अजून दोन पोरी उजवायच्या हायेत," एवढंच म्हणाला. "तुमच्या घराचं सुतक फिटू द्या, सूनबाईला मी सोता घिऊन जातो." आज तो त्यासाठीच आला होता. बैलगाडी वर रस्त्याला सोडलेली होती.

म्हणजे कावळा आला तर एक लेक मरते आणि नाही आला तर दुसरी घरात कुजते. शालूबाई कधी आभाळाकडं बघायची, कधी सरूकडं. काय मागावं हेच तिला कळेना.

"त्या शिनेमानं घात केला," दत्तोबा म्हणाला. कुणी काही विचारलं नव्हतं, पण गप्प तरी माणूस किती बसणार? "तंबूच जाळाया पायजे व्हता."

"तंबूला काय म्हन्ता काका?" रखमाजीची विधवा बहीण अंबूबाई तिकडून फणकारली. लीलाला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं ते तिनं, आणि पळाली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं शिव्या घातल्या त्याही तिनंच. "शिनेमा चांगला व्हता. मी दोन दिस जेवले न्हाई. काय ती पोर, काय तिचं रूप! आन त्यो बाप! कसाई मेला."

"कुनाचा बाप?"

"शिनेमातला वो! किल्लेदार! पोराच्या जिवापरीस त्येला आपला वाडा थोर."

आता यावर हसावं की कपाळ बडवून घ्यावं? पण तिथं कुणाला काही वाटलं नाही. दोघाचौघांनी तर माना डोलावल्या.

कामशेतच्या बाजारतळावर तो तंबू लागला होता. लढाईच्या दिवसांत घरात दिव्याला रॉकेल मिळायची मारामार, पण सिनेमावाल्याचं इंजिन मात्र धडधड चालायचं. मधे कनात, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. बोलणं सगळं हिंदी. रखमाजीचा लेक मारुती लोणावळ्याला इंजिनाच्या शेडमधे खलाशी, म्हणजे हरकाम्या, होता, त्याला हिंदी यायचं. तो कनातीला तोंड लावून बायकांना मराठीत सांगत होता, "आता ती त्येला म्हन्ती, मला इसर." किल्लेदाराचा मुलगा आणि नावाड्याची पोर. एकमेकांशिवाय घास गिळायची नाहीत. बापानं ताटातूट केली, मुलाला परमुलखात धाडलं, पोरीला एका म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली. शेवटी दोघं वेगवेगळ्या गावी एकाच संध्याकाळी विष पिऊन मेली. तंबूत नुसता आकांत झाला. आपली सख्खी आई गेली तेव्हा ज्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं तो रखमाजी, उपरण्यात तोंड खुपसून रडत होता. गाडीतून परत येतानाही त्याचं तेच. "कसला बाप म्हनायचा त्यो! लेकराचा जीव जातोय आन ह्येला इभ्रत सुचती व्हय?" असं दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. लीला गाडीत मागं बसली होती. ती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला ती बापासमोर जाऊन उभी राहिली. शालूबाई चुलीपाशी होती, तिला पुढचं काही कळायच्या आत पोर बोलून गेली होती.

"आबा, मला कान्हूच्या घरी ऱ्हायाचंय. दुसरीकडं देऊ नगा."

"कंच्या कान्हूच्या?"

"बहिरूच्या. वाडीवरच्या."

रखमाजीला आधी ते खरंच वाटेना. मग तो उठला आणि त्यानं दावणीचा कासरा काढला. पोर पळाली नाही, मागं सरली नाही. तिला बिचारीला अजून वाटत होतं की हा कालचाच माणूस आहे.

"आबा, काल तुमीच म्हनला न्हवं का, लेकरापरीस..."

"त्यो शिनेमा व्हता!" रखमाजी ओरडला, आणि कासरा बसला.

वडिवळ्यात सिनेमा बघून रडलेली माणसं काही थोडी नव्हती. पण त्या रडण्यावर विसंबून राहिली ती एकटी लीला. मग ती एका सकाळी पाण्याला म्हणून गेली ती गेलीच.

"बोला की रं काहीतरी," दत्तोबा आता वैतागला. "नुसतं बसून व्हतंय का? पोरीच्या मनात काय ऱ्हायलं आसंल त्ये बोला. त्याबिगार न्हाई शिवत."

ही रीतच. मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा येत नाही. घरच्यांनी पिंडाशी जाऊन हात जोडून ती बोलायची, पुरी करीन म्हणायचं. अंबूबाई उठली, पदर सावरून खडकाजवळ गेली.

"लीले, तुला वजरटीक पायजे व्हती न्हवं? मी माझी दिली नाय तुला. जा, सरूच्या लेकीला घालंन तुज्या नावानं. ये बाई."

धूर नुसता सरकत होता. कावळा नाही.

"भाताचा दाना लय आवडायचा तिला," कुणीतरी म्हणालं. "उंबराखालच्या शेतातला पयला शेर तुज्या नावानं गाईला घालू."

नाही.

"शिनेमा!" अंबूबाईला एकदम सुचलं. "तिला पुन्ना बघायचा व्हता. मला म्हनली व्हती, आत्या, आजून एकदा जाऊ."

दत्तोबानं क्षणभर विचार केला आणि खरोखर हात जोडले. "पोरी, कामशेताला तंबू आला तर समद्या वडिवळ्याला शिनेमा दाखवू. झालं? ये आता."

"काका, गप बसा!" रखमाजी तिरमिरीत उठला. चेहरा काळवंडला होता. "माज्या घराचा तमाशा मांडलाय का?"

"मग तू बोल. बाप हायेस."

"मी काय बोलू? जिनं माजं तोंड काळं केलं तिला मी काय दिऊ?"

"दर्भाचा कावळा करून शिवीवत्यात म्हन्त्यात," एक म्हातारा म्हणाला, त्यावर हौशीराम हळूच खाकरला आणि त्यानं मान हलवली. "न्हाई बा. आमच्या पेठंत दर्भाचा कावळा न्हाई चालायचा. उद्या लोक म्हन्तील, लबाडी केली. खरा शिवू द्या. मी थांबतो की सांजपतूर. माजी काय घाई न्हाई."

किती गोड बोलणं! सरूनं ते ऐकलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मांडीवरच्या लेकराच्या तोंडावर थेंब पडले तसं ते किरकिरू लागलं.

तेवढ्यात कुणीतरी पलीकडच्या काठाकडं बोट दाखवलं. उन्हाळ्यानं नदी आटून गुडघ्याएवढी झाली होती, रुंदीही फार नव्हती. पलीकडं करंजाच्या सावलीत एक बाई उभी होती. कान्हूची आई, बाया. डोक्यावर पाल्याचा भारा होता तो तिनं खाली ठेवला होता.

"ती कशाला आलीया हितं? हाकला तिला!" दत्तोबा म्हणाला. "मारुती, ऊठ."

मारुती उठला नाही. तो पहाटेच लोणावळ्याहून आला होता, आल्या आल्या न्हाव्यापुढं बसून त्यानं डोकं करून घेतलं होतं आणि तेव्हापासून वाळूत रेघा ओढत होता. लीला पळाली तेव्हा विळा घेऊन ठाकरवाडीवर धावून जाणारा हाच. बहिरूच्या झोपडीचा कूड त्यानंच मोडला होता. "दिसू दे त्यो कान्हू, उभा चिरतो," असं गावभर सांगत फिरला होता. आज बायाचं नाव निघालं तरी त्यानं पलीकडं मान वळवली नाही. शालूबाईला वाटलं, निवळला वाटतं पोरगा. ड्यूटी करून दमला असेल.

बायाकडं बघून तिला मात्र धीर आला. त्या दोघींचं एक गुपित होतं. मागच्या बाजाराच्या दिवशी राबाला पाला टाकायला बाया आली होती आणि भारा उतरवता उतरवता तिच्या कानाशी लागली होती. "शालूबाई, पोरं बरी हायेत. घाटात हायेत, रेल्वेच्या खडीवर कामाला. झोपडं बांधलंय बोगद्याच्या अंगाला. लीलीनं सांगितलंय, आयेला म्हनावं मी हिरवा चुडा भरला." शालूबाई तिथंच बांधावर आनंदानं रडली होती. त्या रात्री जात्यावर बसल्यावर तिच्यानं राहवलं नाही, तिनं सरूला सांगितलं. बहीण आहे, तिलाही बरं वाटेल. सरू नुसती "व्हय का?" म्हणाली होती आणि मुठीनं दाणे घालत राहिली होती.

आता वाळूत बसल्या बसल्या शालूबाईच्या डोक्यात एक गोष्ट आली. आली ती तिला अगदी लख्ख दिसली. मेलेल्याची इच्छा बोलायची आहे ना? भावकीसमोर, पिंडासमोर बोललेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. बोलून मोडला तर घरात दिवा लावायला माणूस राहत नाही, असं लोक मानायचे. मग हीच वेळ. लीला भावकीला मेली तर मरू दे. पण घाटातली लीला जगली पाहिजे.

ती उठली आणि थेट पुरुषांच्या ओळीसमोर गेली.

"मामंजी, मी सांगते तिच्या मनात काय ऱ्हायलंय."

दत्तोबा बघतच राहिला. हा आवाज त्यानं कधी ऐकलाच नव्हता. "बोल बाई," तो म्हणाला. "आई हायेस."

"तिला भ्या वाटत व्हतं. आपल्या मानसांचं. आपल्या मागं कुनी येईल, त्येला मारील, ह्येच तिच्या जिवाला लागून ऱ्हायलंय. म्हनून कावळा येत न्हाई." शालूबाईनं पदर खोचला. "बापानं आन भावानं नदीचं पानी वंजळीत घ्यावं आन बोलावं. कान्हूच्या आन तिच्या मागं आमी जानार न्हाई. त्येंच्या अंगाला हात लावनार न्हाई. मग बघा येतो का न्हाई."

"अगं, पन ती मेली म्हन्तोय न्हवं आपन!" रखमाजी म्हणाला.

"मेली न्हवं? मग मेलेल्या मानसाच्या मागं कशाला जाताय? बोलायला तुमचं काय जातंय?"

बायकांत कुजबुज झाली. अंबूबाईनं तोंडाला पदर लावला. ती शालूबाईची नणंद, इतकी वर्षं एका चुलीवर काढलेली. तिला त्यातली मेख कळली आणि सगळ्यांना वाटलं होतं की आता ती भावाची बाजू घेऊन कडाडणार. पण ती म्हणाली, "बोल दादा. वयनी म्हन्ती त्येच बोल. पोर भ्यालेलीच व्हती."

"बोला, बोला," हौशीरामही म्हणाला. "त्यात काय वंगाळ न्हाई."

रखमाजी एकटा पडला. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग दाणदाण पावलं टाकत नदीत उतरला, ओंजळ भरली. आणि तो बोलला. मोठ्यानं बोलला. "मी रखमाजी, तिच्या मागं जानार न्हाई. त्येच्या अंगाला हात लावनार न्हाई." आणि पाणी सोडलं. शालूबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं. तिला त्या घडीला नवरा पुन्हा आपला वाटला. कावळा येवो नाहीतर न येवो, निम्मं काम झालं होतं.

"मारुती, ऊठ रं."

मारुती उठला. ओंजळीत पाणी घेतलं. "मी मारुती रखमाजी," तो म्हणाला आणि थांबला.

"म्होरं बोल की."

ओंजळीतलं पाणी गळत होतं. त्यानं पुन्हा भरलं. "मी मारुती..." पुन्हा थांबला. भावकी चुळबुळू लागली. "येवढा ताठा बरा न्हाई," कुणी म्हणालं. "बापानं सोडलं पानी, तुला काय झालं?" शालूबाई चटचट पाण्यात गेली, लेकाच्या अगदी जवळ उभी राहिली.

"बाळा, बोल. माजं येवढं ऐक. पुन्ना कंदी काय मागनार न्हाई तुज्याकडं."

"आये, ऱ्हाऊ दे."

"का ऱ्हाऊ दे?"

"पिंडाम्होरं खोटं न्हाई बोलवत."

"खोटं कशाला? हितनं म्होरं त्येंच्या मागं जायाचं न्हाई, येवढंच तर म्हनायचंय."

मारुतीनं मान वर केली. डोळे तांबारले होते. "आता कुनाच्या मागं जायाचं ऱ्हायलंय, आये?" तो म्हणाला. इतक्या हळू म्हणाला की पाण्याच्या खळखळीत ते तिलाच ऐकू आलं.

शालूबाईला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग तिनं त्याचं मनगट धरलं. "दोगं?"

"त्येला ढकालला मी. गाडी येत व्हती." त्यानं ओंजळ सोडून दिली. "तिला मी हात लावला न्हाई. तुजी आन, आये, न्हाई लावला. ती सोता गेली त्येच्या मागं. मी वरडलो. लीले म्हनून वरडलो मी."

"कवा?"

"परवा. सांज व्हती."

म्हणजे परवा सांजेला आपण काय करत होतो? शालूबाईला आठवेना. गाईला चारा टाकला असेल, भाकरी थापल्या असतील. भाकरी थापल्या असतील! तिला अजून एकच विचारायचं होतं.

"बोगद्यापाशी हायेत म्हनून तुला कुनी सांगितलं?"

मारुतीची नजर फक्त एकदा तिच्या खांद्यावरून मागं, बाभळीकडं गेली. शालूबाईनं वळून पाहिलं. सरू आईकडंच बघत होती. नजरेला नजर मिळाली तशी तिनं पदर ओढला आणि मान खाली घालून लेकराला छातीशी धरलं. मधे मारुती घरी येऊन गेला होता, तेव्हाच तिनं सांगितलं असणार. भाऊ जाऊन बहिणीला ओढत घरी आणेल, असं तिला वाटलं असेल. की वाटलं नसेल? आपला संसार वाचावा म्हणून बाई काय बोलून जाईल याचा नेम नाही. देव जाणे.

आणि नेमका तेव्हा कावळा आला.

धुराकडून आला, खडकावर उतरला, दोनदा मान वाकडी करून बघितलं आणि पिंडात चोच घातली. "शिवला! शिवला!" एकच गलका झाला. दत्तोबानं तर टाळीच वाजवली. "बघा! पोरगं बोललं आन आला! म्हनलं न्हवतं मी, बोलल्याबिगार येत न्हाई?" मारुतीनं आईला हळू आवाजात वचन दिलं, असं सगळ्यांना वाटलं. रखमाजीनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि तो वाळूत बसला. हौशीराम उठून धोतर झटकू लागला. "चला, सुटलं. सूनबाई, बोचकं बांधा. जेवून निघू."

त्या कल्लोळात शालूबाईनं टाहो फोडला.

असा फोडला की कावळासुद्धा उडाला. ती पाण्यातच बसली आणि दोन्ही हातांनी ऊर बडवून घेऊ लागली. "लीले गं! माजे सोन्ये! तुजा चुडा फुटला गं!" इतके दिवस त्या घरात कुणी रडलं नव्हतं. जित्या माणसासाठी कोण रडतं? बाहुली जळताना बायका नुसत्या उभ्या होत्या. आता त्यांना हे बरं वाटलं. अंबूबाई धावत पाण्यात आली, तिला पोटाशी धरून म्हणाली, "रड वयनी, रड. आता रडायला हरकत न्हाई. सुटली पोर." दोघीचौघीजणींनी सूर धरला. दत्तोबानं समाधानानं मान हलवली. आता दहावा दहाव्यासारखा झाला.

वर बांधाकडं पत्रावळी मांडल्या जाऊ लागल्या. भाताचं भांडं उतरलं. कुणीतरी हाक मारली, "शालूबाई, उठा आता, आंघूळ करा, वाढायला या."

ती उठली. अंबूबाईचे हात तिनं बाजूला केले आणि पाण्यात आणखी पुढं गेली. लोकांना वाटलं, बुडी मारायला गेली. पण ती पुढंच चालत राहिली, गुडघ्याभर पाण्यातून पलीकडच्या काठाकडं.

"अगं, तिकडं कुटं?" रखमाजी ओरडला.

हौशीरामानं हातातला तांब्या खाली ठेवला. आवाज तसाच, गोड. "इहीनबाई, त्या बाईपाशी जाऊ नगा. आत्ता घर सुद्द झालंय. तितं जाऊन बसलात तर समदं वाया गेलं, मग मी सूनबाईला न्हेऊ शकत न्हाई. आदीच सांगून ठेवतो."

"आये!" सरू किंचाळली. बाभळीखालून उठून ती काठापर्यंत आली होती, लेकरू कडेवर, बोचकं हातात. "आये, माज्यासाटी तरी मागं फिर! मी तुजी लेक न्हाई व्हय?"

शालूबाई मधल्या पाण्यात थांबली. तिनं मागं वळून सरूकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. सरूच्या तोंडावर भीती होती, आणि आशाही होती, आणि ती तिचीच लेक होती, तिच्याच पोटची. त्यात काही खोटं नव्हतं. मग शालूबाईनं मान फिरवली आणि चालायला लागली.

बाया करंजाखाली तिची वाटच बघत होती. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. ओल्या लुगड्यानं वर चढणाऱ्या शालूबाईला तिनं हात दिला.

"ऐकलं म्या, समदं ऐकलं," बाया म्हणाली. "रखमाजी आबांनी पानी सोडलं. पोरानंबी सोडलं न्हवं? कावळा शिवला तवाच म्हनलं, फिटलं पोरांमागचं. तुमी कशापायी रडला वो येवढं? आता भ्या न्हाई. मी आजच बहिरूला घाटात धाडते, म्हनावं या माघारी, वाडीवर ऱ्हावा सुखानं."

पलीकडून हाका येत होत्या. सरूची हाक त्यात वेगळी ऐकू येत होती, मग तीही थांबली. वर रस्त्याला हौशीरामाच्या गाडीला बैल जुंपताना घुंगरं वाजली.

"बाया," शालूबाई म्हणाली, "खाली बस."

"का वो?"

"आदी बस."